पांढऱ्या टायचा मान

माझ्या दुकानात पांढरे टाय खालच्या उजव्या खणात असतात. बाकीचे बाहेर टांगलेले. हात लावा, गळ्याशी धरून आरशात बघा, नको असेल तर ठेवून द्या, माझं काही म्हणणं नाही. पांढऱ्याचं तसं नाही. तो कुणी मागितला की मी आधी माणसाच्या तोंडाकडे बघते आणि मग खण उघडते. ज्याचा बाप गेला, भाऊ गेला, बायको गेली, मुलगा गेला, त्यानं अंत्यविधीला पांढरा घालायचा. जावयाचाही मान असतो. बाकी आलेल्या सगळ्यांनी काळा. आमच्या हुडिक्सवाल गावात हे कुणी कुणाला शिकवत नाही आणि कुणी चुकलं तर बोलूनही दाखवत नाही. सगळे नुसते बघतात आणि मग कॉफी पिताना वर्षभर आठवण काढतात.

मी गुन्नेल. दुकान वडिलांचं होतं, आता माझं. ही गोष्ट माझ्या धाकट्या भावाची, एवर्टची. लाकूड गिरणीत करवतींना धार लावायचं काम त्यानं जन्मभर केलं. बोलायला जड, हसायला त्याहून जड. घरात कुणी हाक मारली की शेडमधून "आलो, आलो" म्हणायचा आणि जेवण गार झाल्यावर उगवायचा. आई म्हणायची, हा स्वतःच्या लग्नालाही उशिरा जाईल. तो प्रश्नच आला नाही, कारण त्यानं लग्न केलंच नाही.

पस्तिशी उलटल्यावर त्याला सोलब्रिट भेटली. शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. तिला पाच वर्षांचा मुलगा होता, यालमार. त्याचा बाप स्तेलान नॉर्वेत समुद्रातल्या तेलविहिरीवर कामाला गेला तो तिकडचाच झाला. वाढदिवसाला फोन करायचा, नाताळला खोका पाठवायचा, पण आपण होऊन कधी आला नाही. एवर्ट एक दिवस सोलब्रिटच्या घरची गळकी पन्हाळ नीट करायला गेला आणि तिथेच राहिला. इतकंच त्यांचं लग्न.

आता यात लाजण्यासारखं काही नाही. आमच्याकडे निम्मी माणसं अशीच राहतात, आणि त्यांच्यासाठी सरकारी कागदावरही शब्द आहे, सांबू, म्हणजे एकत्र राहणारे. माझं आणि बिर्गेरचं त्याच्या उलट. तो त्याच्या घरी, मी माझ्या घरी. शनिवारी आम्ही एकत्र मासे खातो, रविवारी दुपारपर्यंत एकमेकांचा कंटाळा येतो आणि तो आपली गाडी काढतो. यालाही शब्द आहे, सेर्बू. वेगळे राहणारे. नात्याचे शब्द रचण्यात आमच्या लोकांचा हात कुणी धरणार नाही. आईची आई ती मोर्मोर, म्हणजे सरळ 'आईआई'. सगळं कसं विटेवर वीट.

पण एवर्ट त्या पोराचा कोण, याला आमच्याकडे धड शब्द नव्हता. म्हणजे होते, पण एकेक असे, की माणसानं तोंडात घेऊ नयेत. सावत्र बापाला जो जुना शब्द आहे तो आज ऐकला तर 'ताठ बाप' असा ऐकू येतो. शाळेतली पोरं म्हणायची प्लास्टिकबाप. आणि अलीकडे पेपरवाल्यांनी काढलाय बोनसबाप. साबणावर साबण फुकट मिळाल्यासारखा. यालमारनं यातला एकही शब्द कधी वापरला नाही. तो एवर्टला एवर्टच म्हणायचा. दुसऱ्या कुणाला सांगताना म्हणायचा, हा एवर्ट, मम्माचा एवर्ट. एवर्टनं त्याला सायकल शिकवली, पोहायला शिकवलं, गिरणीत नेऊन धारेची करवत कशी ओळखायची ते दाखवलं. पोराला गोवर आला तेव्हा हा जमिनीवर त्याच्या पलंगाशी झोपला. पण नाव मात्र एवर्ट.

मला तो फास्तर म्हणायचा. फास्तर म्हणजे आत्या. पहिल्यांदा म्हणाला तो दिवस मला चांगला आठवतो, कारण मला हसू आलं होतं. शाळेची बस माझ्या दुकानासमोर थांबायची. हा आत आला, गल्ल्यावर हनुवटी टेकवली आणि म्हणाला, "फास्तर, भूक लागलीय." मला वाटलं, वर्गातल्या कुणाला त्याची आत्या न्यायला येत असेल आणि यानं शब्द उचलला असेल. पोरं कुठल्याही बाईला मावशी म्हणतात, तसंच. मी त्याला लिव्हरचा लगदा लावलेला पाव दिला, वर काकडीची फोड ठेवली. त्या दिवसापासून रोजचा पाव ठरला आणि मी आत्या झाले. मिशा फुटल्या, विजेच्या कंपनीत कामाला लागला, तरी दुकानात शिरताना आधी त्याची हाक यायची, "आत्या, काय आहे खायला?" मी म्हणायचे, "लग्न कर आणि बायकोला विचार." तो म्हणायचा, "तू कर आधी. बिर्गेर म्हातारा व्हायला लागलाय."

मार्चमध्ये वादळ झालं. झाडं तारांवर पडली, अर्ध्या जिल्ह्यात अंधार. यालमार तारा जोडायला खांबावर चढला होता. खांब मुळाशी मोडला. तीस वर्षांचा होता.

आमच्याकडे माणूस गेल्यावर लगेच काही करत नाहीत. तीन-तीन आठवडे जातात. चर्चची तारीख, फुलं, कॉफीचं सामान, पेपरातली सूचना. बाहेरच्यांना वाटतं, काय थंड माणसं आहेत. थंड कसली. ते तीन आठवडे माणसाला आतून खाऊन टाकतात. एवर्टला मी त्या दिवसांत बघत होते ना.

चौथ्या की पाचव्या दिवशी तो दुकानात आला. टोपी काढली, टायांच्या दांडीपाशी उभा राहिला. काळे टाय एकेक करून बाजूला सारले, जणू त्यांच्यामागे काही लपवलंय.

"काय हवंय?" मी विचारलं.

"काही नाही. बघतोय."

"खालच्या खणात आहेत."

"माहितीये मला." त्यानं सारलेले टाय परत जागेवर आणले. "गुन्नेल, माझ्यासारख्यानं कोणता घालायचा असतो?"

मी तशी तोंडाची फटकळ. म्हटलं, "गाढवा, पांढरा घालायचा. पंचवीस वर्षं त्याचे बूट कुणी साफ केले?"

"बूट साफ करणाऱ्याला पांढरा देतात का?"

"मी देते. हा घे." मी खण उघडला, सगळ्यात चांगला रेशमी काढून त्याच्यासमोर ठेवला.

त्यानं त्याला हात लावला नाही. म्हणाला, "तू विकतेस, गुन्नेल. तुला तो देता येत नाही."

"मग कोण देणार?"

"यालमार," तो म्हणाला. "आणि त्यानं काही दिला नाही. त्याला वाटलं असतं तर एकदा तरी म्हणाला असता. पंचवीस वर्षांत एकदा."

टोपी घालून तो निघून गेला. मी तो टाय घडी घालून परत खणात ठेवला. खोटं कशाला बोलू, मला त्याचा राग आला.

तुम्ही म्हणाल, मग सोलब्रिटलाच विचारायचं. एका घरात राहतात, एका टेबलावर कॉफी पितात. पण तुम्ही आमची माणसं बघितली नाहीत. आपलं घोडं पुढे दामटणं हे आमच्याकडे चोरीपेक्षा मोठं पाप. जिचा मुलगा गेलाय तिला जाऊन विचारायचं की मला कुठे बसवतेस? एवर्ट मेला असता पण त्यानं हे विचारलं नसतं. आणि सोलब्रिट तर बोलायचीच बंद झाली होती. मी वाटाण्याचं सूप घेऊन गेले तेव्हा ती खिडकीशी बसली होती. एवर्टनं तिच्या खांद्यावर शाल घातली, तिनं त्याच्याकडे बघितलंही नाही. मला फटकळ म्हणतात ना लोक, त्या दिवशी माझीही वाचा बसली. सूप गरम करून ठेवलं आणि घरी आले.

दुसऱ्या आठवड्यात पेपरात सूचना आली. यालमारचं नाव, जन्माची तारीख, मृत्यूची तारीख. खाली त्याच्या माणसांची नावं. सगळ्यात वर 'मम्मा'. त्याखाली 'एवर्ट'. त्याखाली, थोडं अंतर सोडून, 'पप्पा स्तेलान'.

एवर्ट पेपर घेऊन दुकानात आला. गिऱ्हाईक होतं, ते जाईपर्यंत बटणांच्या डब्यांकडे बघत उभा राहिला. मग पेपर गल्ल्यावर पसरला आणि बोट ठेवलं.

"सोलब्रिटनं लिहून दिलंय," तो म्हणाला. "नुसतं नाव."

"वरच्या ओळीत आहे की. स्तेलानच्या आधी."

"लोक कुत्र्याचंही नाव घालतात, गुन्नेल. मागे हेडलुंडच्या सूचनेत मांजर होती."

मी म्हटलं, असं बोलू नकोस. पण हेडलुंडच्या सूचनेत मांजर होती हे खरं. मी ती सूचना परत वाचली, चष्मा लावून वाचली. 'एवर्ट'. पुढे काही नाही, मागे काही नाही. सोलब्रिट मनात काय धरून बसलीय, ते त्यातून कुणालाही कळलं नसतं.

त्याच आठवड्यात पाद्रीबाई त्यांच्या घरी येऊन गेल्या. तरुण बाई, चांगली आहे, ऐकून घेते. तिनं एवर्टला विचारलं, तुम्ही त्याचे कोण? एवर्टनं तो जुना शब्द सांगितला, ताठ बाप. त्यावर तिनं काय सांगितलं ते एवर्टनं मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. तो कधी नव्हे ते सलग बोलला, म्हणून माझ्या लक्षात राहिलं.

"ती म्हणाली, त्या शब्दाचा ताठपणाशी काही संबंध नाही. कानाला तसं वाटतं एवढंच. फार जुना शब्द आहे. त्याचा अर्थ, ज्याचं माणूस हिरावून नेलंय तो. आधी म्हणे फक्त पोराला म्हणायचे. ज्याचा बाप मेला ते पोर. मग त्याला जो सांभाळील त्याला तो शब्द चिकटला."

"बरं मग?"

"मग काय." तो हाताची नखं बघत होता. "आता तो माझा झाला. पोर गेलं, शब्द मला राहिला. हिरावलेला. बाप त्यात कुठेच नाही."

मी आत जाऊन कॉफी ठेवली. डोळे पुसायला तेवढं निमित्त.

अंत्यविधी शुक्रवारी दुपारी होता. त्या आधीच्या दिवसांत एवर्टनं खाणं जवळजवळ सोडलं. शर्टाची कॉलर त्याच्या मानेभोवती सैल फिरायला लागली. ज्याच्याकडे विधीची व्यवस्था होती त्या माणसानं फोन करून विचारलं, पहिल्या बाकावर किती जणांची जागा धरू? एवर्टनं उत्तर दिलं, जे रीतीला धरून असेल ते करा. आता त्या माणसानं यातून काय समजायचं? पण एवर्टला वाटलं आपण फार नीट बोललो. मग कळलं की स्तेलान येतोय. आपली गाडी घेऊन, नॉर्वेहून. एवर्टनं मला फोनवर एवढंच सांगितलं, "मी मागे बसेन. पाचव्या-सहाव्या बाकावर. तिथून दार जवळ आहे."

"आणि सोलब्रिट एकटी बसेल पुढे?"

"एकटी कशी? त्याचा बाप येतोय ना."

मी फोन आपटला. आपटून काय होणार होतं.

शुक्रवारी मी दुकान उघडलं. घरी बसवत नव्हतं, म्हटलं दुपारपर्यंत उघडं ठेवू आणि तिथूनच चर्चला जाऊ. काळा ड्रेस घालूनच गल्ल्यावर बसले होते. थोड्या वेळानं एक माणूस आत आला. साठीचा, गाडीत झोपून आल्यासारखा चुरगळलेला. दाराशी पाय पुसत राहिला, गरज नसताना. त्यानं मान वर केली आणि माझ्या हातातली कात्री खाली गेली. यालमारचेच डोळे.

"पांढरा टाय मिळेल?" तो म्हणाला. "अजून घालतात ना? बापानं?"

"घालतात," मी म्हटलं.

मी खण रागानं ओढला. मनात म्हटलं, आला मानकरी. पंचवीस वर्षं खोकी पाठवली आणि आज पहिल्या बाकावर बसणार. मी त्याला साधा सुती काढून दिला. रेशमी तिथेच ठेवला, बाजूला. त्यानं टाय घेतला, पण गाठ येईना. तीनदा घातली, तीनदा सोडली. आरशात स्वतःकडे बघून म्हणाला, "हात चालत नाहीत." ते असं म्हणाला की माझा राग अर्धा खाली आला. मी गल्ल्याबाहेर आले आणि त्याची गाठ बांधून दिली. काय करणार, धंदाच तो.

गाठ बांधताना तोंडं जवळ येतात, काहीतरी बोलावं लागतं. त्यानं विचारलं, "तुम्ही ओळखायचात त्याला?"

"ओळखायचे म्हणजे? मी त्याची आत्या."

तो गोंधळून माझ्याकडे बघत राहिला. मग अगदी साधेपणानं म्हणाला, "मला बहीण नाही."

माझे हात त्याच्या गळ्याशी तसेच थांबले.

"एक भाऊ होता, तोही गेला," तो म्हणाला. "बहीण नव्हतीच कधी." मग त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी सरकलं. "थांबा. पाववाली आत्या. लिव्हरचा पाव. तुम्हीच का? लहानपणी फोनवर सांगायचा. मी विचारलं, तू काय केलंस आज, की म्हणायचा आत्याकडे गेलो होतो, आत्यानं पाव दिला. मला वाटायचं, कुणी शेजारीण असेल. पोरं म्हणतात कुणालाही."

"मलाही तसंच वाटायचं," मी म्हटलं.

त्यानं बोटांनी गाठ चाचपली. मग म्हणाला, "त्याला शब्द कळत होता. तेवढा मोठा होता तो तेव्हा. मी एकदा म्हटलंही, तुला आत्या नाहीये रे. तर म्हणाला, आहे." त्यानं पाकीट काढलं, टायचे पैसे ठेवले, आणि दारापर्यंत जाऊन मागे वळला. "तो माणूस चांगला आहे ना? एवर्ट?"

"आहे," मी म्हटलं, आणि तो गेला.

मी गल्ल्याला धरून उभी राहिले. फास्तर. रोज ऐकलेला शब्द. त्याच्या दोन विटा मी कधी सुट्या करून बघितल्या नव्हत्या. 'फार' म्हणजे बाप, 'स्युस्तेर' म्हणजे बहीण, जोडून फास्तर. बापाची बहीण, दुसरा अर्थच नाही त्याला. एवढंसं पोर गल्ल्यावर हनुवटी टेकवून मला ते सांगत होतं आणि मी त्याला काकडीची फोड देत होते. आयुष्यभर एवर्टला तोंडावर जे म्हणता आलं नाही, ते त्यानं रोज माझ्याकडे आणून ठेवलं. लाजरा कुठला. गेला कुणावर होता, एवर्टवरच.

रेशमी टाय मुठीत घेतला, दुकानाला कुलूप घातलं की नाही तेही आठवत नाही. चर्च चढावर आहे. माझे गुडघे काही कामाचे नाहीत, रस्त्यावर अजून बर्फाचा चिखल, आणि डोक्यात एकच, एवर्ट आत जाऊन मागच्या बाकावर बसला की संपलं. एकदा तो बसला की सगळ्या गावासमोर उठून पुढे येणारा माणूस तो नाही. शवपेटीपाशी जायची वेळ येते तेव्हा पुढचे आधी उठतात, जवळचे, मग त्यांच्या मागचे. पाचव्या बाकावरचा माणूस गिरणीतल्या मित्रांबरोबर जाईल आणि जन्मभर तेवढाच राहील. घंटा वाजायला लागली तेव्हा मी अजून पायऱ्यांवर होते.

चर्चच्या दारातल्या चिंचोळ्या खोलीत एवर्ट उभा होता. सगळे आत गेले होते. हा टोपी हातात फिरवत भिंतीशी. गळ्यात काळा टाय.

"सोलब्रिट कुठेय?" मी विचारलं. दम लागला होता.

"आत. पुढे." तो कुजबुजला. "तू जा. मी येतो मागून."

"एवर्ट, यालमार मला काय म्हणायचा?"

"आत्ता काय हे?"

"काय म्हणायचा सांग."

"आत्या म्हणायचा. सगळ्यांना माहितीये."

"आणि आत्या कुणाची बहीण असते?"

तो चिडला. "गुन्नेल, आत चल, घंटा वाजतेय."

"स्तेलानला बहीण नाही. आत्ता दुकानात येऊन गेला, त्याच्याच तोंडून ऐकलं. यालमारनं त्यालाही तसंच सांगितलं होतं, लहान असताना. त्यानं म्हटलं, तुला आत्या नाही, तर म्हणाला, आहे." मी त्याचा कोट धरला. "मी कुणाची बहीण आहे, एवर्ट? तुझ्याशिवाय माझं दुसरं कोण आहे?"

एवर्टच्या हातातली टोपी फिरायची थांबली. तो माझ्या तोंडाकडे बघत होता आणि त्याचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. शब्द सुटा करून पुन्हा जोडत असावा.

"मी विकते, मला देता येत नाही, असं म्हणालास," मी म्हटलं. "बरोबर. हा मी देत नाहीये. हा त्यानं दिलेला आहे. पंचवीस वर्षं माझ्याकडे ठेवून दिला होता, मला मूर्खीला कळलं नाही."

त्यानं स्वतःच काळ्या टायची गाठ ओढली. सुटेना, आणखी घट्ट बसली. मी सोडली. पांढरा बांधला, गाठ वर सरकवली. आत ऑर्गन सुरू झाला. मी त्याच्या पाठीवर थाप मारली, लहानपणी शाळेत ढकलायचे तशी.

मधल्या वाटेनं आम्ही चालत गेलो. सगळं गाव बघत होतं. बघू दे म्हटलं, उद्या कॉफीला विषय झाला. पहिल्या बाकावर उजवीकडे स्तेलान कडेला बसला होता. डावीकडे सोलब्रिट एकटी, आणि तिच्या शेजारच्या जागेवर तिची पर्स. एवर्ट बाकाशी थांबला, आपण खरंच इथं यायचं का, असं त्याच्या पाठीवरून दिसत होतं. सोलब्रिटनं वर बघितलं. तिची नजर त्याच्या गळ्यापाशी थांबली. तिनं पर्स उचलून मांडीवर घेतली.

मी मागच्याच बाकावर होते, म्हणून ऐकलं. इतक्या दिवसांत तिचं पहिलं धड वाक्य.

"सकाळी तू काळा बांधलास," ती म्हणाली. "मला वाटलं, तू सांगतोयस की तो तुझा नव्हता."

"तू पेपरात नुसतं एवर्ट लिहिलंस."

"तो तुला एवर्टच म्हणायचा ना. दुसरं काय लिहू? त्याच्या तोंडचा शब्द बदलू?" तिनं त्याचा टाय हातानं सारखा केला, सरळच होता तरी. "मी पर्स ठेवून तुझी जागा धरून बसले होते. तू येईनास."

तीन आठवडे. एका घरात, एका टेबलावर. ही म्हणते तो बोलेल, तो म्हणतो ही बोलेल. दोघांना धरून हलवावं असं वाटलं मला, आणि मी तिथे बसून ढसाढसा रडले.

पाद्रीबाईंचं बोलणं झालं, गाणी झाली. मग शवपेटीपाशी जायची वेळ आली. स्तेलान उठला नाही. त्यानं मान वळवून डावीकडे बघितलं आणि थांबून राहिला. सोलब्रिट उठली, एवर्टच्या दंडाला धरून, आणि दोघं पुढे गेली. तिनं फूल ठेवलं, लाकडावर गाल टेकवला, बराच वेळ. मग एक पाऊल बाजूला झाली.

एवर्ट एकटा उभा राहिला. फूल ठेवलं. त्याचा मोठा, धार लावून चिरा पडलेला हात त्या पांढऱ्या लाकडावर पसरला. काही म्हणेल असं मला वाटलं नव्हतं. तो खाली वाकला आणि घरातून हाक मारल्यावर शेडमधून ओ द्यायचा त्याच आवाजात म्हणाला, "आलो रे, आलो."